गोळाभात आणि प्रेमिला मॅडम

प्रेमिला लांजेवार हिचं ऐकणारा माणूस नागपुरात अजून जन्माला यायचा होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती आहारतज्ज्ञ आहे. दारावर नावाची पाटी आहे, टेबलावर प्लास्टिकचं केळं, प्लास्टिकची पोळी आणि प्लास्टिकचा वाटीभर भात मांडलेला आहे. वणी, वाशीम, गोंदिया, कुठून कुठून पेशंट येतात. डॉक्टर सांगतात, वर जाऊन मॅडमला भेटा, म्हणून ते भेटतात. मॅडम समजावून सांगते, पेशंट मान डोलावतो, त्याची बायको त्याच्याहून जास्त डोलावते, आणि दोघं खाली उतरून समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खातात. प्रेमिलाच्या खोलीची खिडकी नेमकी त्या टपरीवर उघडते.

असं वर्षानुवर्षं बघून माणसाचं काय होतं? एखादीनं नोकरी सोडली असती, एखादीनं खिडकीला पडदा लावला असता. प्रेमिलानं 'नाही' म्हणायचं वाढवलं. आधी ती सांगायची की काय खा, किती खा, केव्हा खा. मग हळूहळू ती फक्त काय खाऊ नका तेवढंच सांगायला लागली. मैदा नाही, तळलेलं नाही, साखर नाही, वनस्पती तूप नाही, रात्री उशिरा नाही. न ऐकणाऱ्या माणसाला थोडक्यात सांगावं, असा तिचा हिशेब. हुशार मुलगी, मी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. पण हुशार माणसाला राग आला की त्याची हुशारी आधी पळते.

मी तिच्याच गल्लीत राहतो आणि आमच्या क्रीडा मंडळाचा सहसचिव आहे. सहसचिव म्हणजे सामन्याआधी मॅट अंथरणारा आणि अध्यक्ष बोलायचे थांबले की पहिली टाळी वाजवणारा. अध्यक्ष गोपाळराव पौनीकर. गांधीबागेत कापडाचं दुकान, मनानं मोठे, पोटानं त्याहून मोठे. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाच्या जर्सी त्यांच्याच दुकानातून येतात, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आणि गोपाळरावांची एक जुनी रीत आहे. संघ फायनलला पोचला, की फायनलच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी पंगत. गोळाभात, म्हणजे भरड डाळीचे गोळे घातलेला भात, वर कडकडीत फोडणीचं तेल, कढी, पुरणपोळी आणि पुरणपोळीसोबत तुपाची वाटी. वाटी म्हणजे तांब्याची धाकटी बहीण. गोपाळराव स्वतः बाह्या सरसावून वाढतात. नको म्हणणं हा त्यांच्या घरात अपमान समजतात आणि ताटावर आडवा हात धरला, तर ते हातावर वाढतात.

ह्या पंगतीनंतर आमच्या मुली संध्याकाळी फायनल खेळायच्या आणि दरवर्षी हरायच्या. चढाईला निघालेली मुलगी मध्यरेषेवर ढेकर देऊन परत यायची. गोपाळराव हळहळत म्हणायचे, "नशीब नाही गा आपलं. नाहीतं जेवण कसं मस्त झालं होतं."

प्रेमिला ह्या सगळ्यात आली ती गोपाळरावांच्या साखरेमुळे. त्यांना डॉक्टरांनी वर पाठवलं. गोपाळराव वर गेले ते रिकाम्या हातानं कसे जातील, तर संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेले. प्रेमिलानं त्यांना झाडलं, त्यांनी मान डोलावली, आणि जाता जाता त्यांना सुचलं की बाई बोलते चांगली. शिवाय दुसऱ्या मंडळांच्या फ्लेक्सवर आता कोचच्या फोटोशेजारी आहारतज्ज्ञाचाही फोटो असतो. आमच्याच फ्लेक्सवर काहून नाही?

"मॅडम, आमच्या पोट्ट्यायले आहार शिकवा," गोपाळराव म्हणाले.

"आणि तुमची पंगत?"

"पंगत तं राहीनच ना. तुमी बाकीचं शिकवा."

मग प्रेमिलानं मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर पैज लावली. यंदा विदर्भ स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. मुली तिच्या सांगण्यावरून जेवतील आणि जिंकल्या, तर गोपाळरावांची फायनलची पंगत कायमची बंद. हरल्या, तर प्रेमिला स्वतः गोपाळरावांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसेल आणि वाढलेल्या एकाही गोष्टीला ताटावर हात आडवा करणार नाही.

गोपाळरावांना हसू आवरेना. "मॅडम, हात आडवा करायचा नाही, बरं. पलटायचं नाही."

"नाही पलटत," ती म्हणाली. माझ्या कानाशी मात्र म्हणाली, "काका, आयुष्यात एकदा तरी कोणी माझं ऐकून जिंकलेलं बघू द्या मला." ते ऐकून मला वाईट वाटलं. प्लास्टिकच्या भाताशेजारी बसून आयुष्य काढायचं ही काही चेष्टेची गोष्ट नाही, जरी मी ती चेष्टेनंच सांगत असलो तरी.

मंडळाच्या वरच्या खोलीत वर्ग सुरू झाला. प्रेमिलानं पडद्यावर दाखवायचे मोठे तक्ते बनवून आणले होते. आधीचे सगळे 'काय खाऊ नये'चे आणि मागाहून 'काय खावं'चे. मागच्यांत एक तक्ता चांगला होता, मी तो प्रोजेक्टरची वायर जोडताना पाहिला होता: सामन्याच्या आदल्या संध्याकाळी भात, पोळी, वरण पोटभर, सामन्याच्या दिवशी दुपारी थोडंच, आणि सामन्याआधी केळं. पण समोसा, चिप्स आणि रंगीत सरबत ह्यांचा समाचार घेण्यातच तास संपायचा. मागच्या तक्त्यांची पाळी यायची तेव्हा कोच शिट्टी मारून मुलींना खाली बोलवायचा. प्रेमिला म्हणायची, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पुन्हा समोसा.

आणि मग चमत्कार झाला. मुली ऐकायला लागल्या.

कप्तान गुंजन भोयर सगळ्यात आधी. संघाची सगळ्यात चांगली चढाईपटू, ज्युनिअर वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. फायनलला विदर्भ संघ निवडणारे येणार होते. ह्या वर्षी निवड झाली तर झाली, नाहीतर बाप घरी बसवून स्थळं बघायला मोकळा. गुंजननं मॅडमसमोर हात वर करून सांगितलं की तिनं समोसा सोडला. दुसऱ्या दिवशी दुसरीनं समोसा आणि कचोरी सोडली. तिसरीनं सगळं तळलेलं सोडलं. मग पाळी गोडाची, मग तुपाची. आमच्या लोकांचं हे असंच आहे. आमच्याकडे कुठल्याही शिकवणीचं व्रत व्हायला वेळ लागत नाही. खायचं कसं हे कोणाला जमत नाही, सोडायचं कसं हे मात्र बाळगुटीतूनच मिळतं. आमच्या बायका सोमवारी एक सोडतात, गुरुवारी दुसरं सोडतात, चातुर्मासात तिसरं, आणि जी जास्त सोडते ती मोठी. मुली त्याच घरांतून आलेल्या. मॅडमनं सांगितलं होतं तेल सोडा. मुलींनी पोळी सोडली. मॅडमनं सांगितलं होतं साखर सोडा. मुलींनी भात सोडला. संघात चढाओढ लागली आणि ती चढाईची नव्हती.

गुंजनची आई प्रेमिलाला रस्त्यात भेटली. "मॅडम, तुमी तं जादूच केली. माही गुंजन रात्री नुसती काकडी खाऊन राहिली. भाताले हातच लावत नाही वं."

इथे कोणत्याही आहारतज्ज्ञ बाईनं कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. प्रेमिलाला शास्त्र येत होतं, दवाखान्यात कोणी असं सांगितलं असतं तर तिनं त्याला उभं-आडवं घेतलं असतं. पण ऐकणारं माणूस ही काय नशा असते, ते न ऐकल्या गेलेल्यालाच विचारावं. शिवाय ज्युनिअर कबड्डीत वजनाची मर्यादा असते, आणि आमच्या एकदोन मुली दरवर्षी काट्यावर चढताना श्वास रोखून धरत. यंदा सगळ्या ऐटीत चढल्या, उतरल्या. प्रेमिला काट्याकडे बघून हसली. "शाबास," म्हणाली. पाठीवर हात फिरवला. बास, मग काकडीही अर्धी झाली.

स्पर्धा लागली. सुरुवातीचे सामने सोपे होते, मुली हलक्या झालेल्या, भिंगरीसारख्या फिरल्या आणि फायनलला पोचल्या. समोर आला गडचिरोलीकडच्या एका आडगावचा संघ. त्यांची कप्तान उन्नती मडावी, बोलायला कमी, पकडीला पक्की. यजमान म्हणून आम्ही बाहेरच्या संघांना एका शाळेच्या वर्गात उतरवलं होतं आणि प्रत्येकीला दोन वेळा पुरी-भाजीचं पाकीट देत होतो. पाकिटात चार पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, तीही मोजून. स्पर्धेची पत्रिका मात्र चार रंगांत छापली होती आणि माझं नाव तिच्यात शेवटून दुसरं होतं.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी गोपाळराव तोंड पाडून मंडळात आले. "मॅडम, धोंडबा आचाऱ्याले सांगून ठेवलं होतं. आता पंगत नाही म्हणल्यावर मले करमूनच नाही राहिलं. फायनल आहे, अन् माह्या घरी चूल नाही, हे कसं?"

प्रेमिलाच्या डोळ्यांत तेव्हा काय चमकलं, ते मी शेजारी बसून पाहिलं.

"पंगत करा की," ती म्हणाली. "आमच्या मुलींना नको. पाहुण्यायले घाला. इतक्या लांबून पोरी आल्या, अन् गांधीबागेच्या पौनीकरांच्या घरचं न जेवता जाणार, हे बरं दिसते का?"

गोपाळरावांचं तोंड उजळलं. हे आपल्याला आधी काहून नाही सुचलं, म्हणून त्यांनी कपाळ बडवून घेतलं आणि धोंडबाला फोन लावायला बाहेर गेले.

"हे बरं नाही, प्रेमिला," मी म्हणालो.

"काय बरं नाही? अतिथी आहेत. उद्या दुपारी दोन-दोन पुरणपोळ्या आणि वाटी-वाटी तूप पोटात गेलं, की संध्याकाळी हलता नाही यायचं त्यांना." अन्नानं माणूस कसा उभा राहतो हे शिकलेली बाई, अन्नानं माणूस कसा पाडायचा ते मला सांगत होती. आणि खरं सांगतो, मलाही आमचा संघ जिंकायला हवा होता, म्हणून मी पुढे बोललो नाही.

गोपाळराव परत आले. "उद्या दुपारी जमत नाही म्हंते धोंडबा. तिकडं महाल भागात साखरपुडा आहे त्याच्याकडे. आज संध्याकाळी करतो म्हंते."

प्रेमिलानं क्षणभरही विचार केला नाही. "आज तर आज. तूप तेच ना?"

"तूप तेच," गोपाळराव म्हणाले.

दिवे लागायच्या सुमाराला मंडळाच्या अंगणातच पंगत मांडली, कारण पाहुण्या मुली गोपाळरावांच्या घरी जायला लाजत होत्या. अशी पंगत मी पाहिली नाही. पहिला गोळा फोडून भातात कालवताना मुली एकमेकींकडे बघत होत्या, की खरंच वाढून राहिले की मोजून आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की मोजून नाही. उन्नतीनं एकदाही हात आडवा केला नाही. आणि खांबाला टेकून उभी असलेली प्रेमिला, जिनं जन्मात कोणाला 'अजून घे' म्हटलं नव्हतं, ती आग्रह करत होती. "तिले अजून एक वाढा. हिची वाटी रिकामी आहे, तूप आणा." आग्रह तिला इतका छान जमत होता, की गोपाळरावांना भरून आलं. त्यांनी मध्येच हात उंचावून सगळ्यांना सांगितलं, "पोरीहो, हे जेवण या मॅडमच्या सांगण्यावरून आहे. त्यायचे आभार माना."

त्याच वेळी वरच्या खोलीत आमच्या मुली बसल्या होत्या. एकेक वाटी मुगाची खिचडी, वर लिंबाची फोड. फोडणीचा वास जिन्यानं सरळ वर जात होता. मी पाण्याची घागर द्यायला गेलो, तर गुंजन डोळे मिटून बसली होती. तिनं अर्धी वाटी शेजारणीला देऊ केली. शेजारणीनंही घेतली नाही, मागे हटायला कोणी तयार नव्हतं.

"जेव ना वं, गुंजन," मी म्हणालो.

"नाई काका. उद्या फायनल आहे," ती म्हणाली.

फायनलला मैदान भरलं होतं. निवडणारे पहिल्या रांगेत, त्यांच्या पुढ्यात काजूची बशी. प्रेमिला आमच्या संघाच्या बाकाशेजारी उभी, नवी साडी नेसून. ती पाहुण्या संघाकडे निरखून बघत होती, कोण जांभई देतं, कोण पोट धरतं. कोणी धरलं नाही. रात्रभर झोपून, सकाळी हुंदडून, दुपारी ती चार पुऱ्यांची पाकिटं खाऊन मुली तयार होत्या.

मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. गुंजननं दोन चढाया अशा काढल्या की निवडणाऱ्यांनी बशी बाजूला सरकवली. प्रेमिलानं गोपाळरावांकडे मान वळवून पाहिलं. गोपाळरावांनीही प्रांजळपणे मान लववली.

मध्यंतरानंतर मुलींचे पाय गेले. हे शब्दांनी सांगायला सोपं आहे, बघायला नाही. गुंजन चढाईला गेली आणि परत फिरताना मध्यरेषा हातभर लांब राहिली. पुढच्या चढाईला ती रेषेवर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, पंच शिट्टी मारतोय, ती उभीच. कोच ओरडला. उन्नतीच्या पोरी पहिल्या मिनिटाला जशा होत्या तशाच शेवटच्याला. आमच्यावर लोण चढला, मग अजून एक. शेवटी शेवटी प्रेक्षक आमच्याच मैदानावर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. आमचे लोक जिंकणाऱ्याचे फार लवकर होतात.

गोपाळराव मला म्हणाले, "जेवलं त्यायनं, अन् जिंकलं बी त्यायनंच. मी काय म्हणत होतो?"

निवड जाहीर झाली. चढाईपटू म्हणून त्यांच्या संघातली एक मुलगी गेली, पकडीसाठी उन्नती गेली. गुंजन राखीव खेळाडूंतही नव्हती.

करंडक घेऊन उन्नती सरळ प्रेमिलाकडे आली, मागे सगळा संघ. ओळीनं पाया पडल्या. प्रेमिला मागे सरकत होती, पण मागे बाक होता.

"मॅडम, आमाले कोणी असं जेवण सांगतलं नव्हतं," उन्नती म्हणाली. "जिथं खेळाले जातो तिथं पाकीटच भेटते. सेकंड हाफमधी आमी नेहमी हारतो. काल पोटभर जेवून झोपलो, तं आज पाय थकलेच नाही. पुढच्या वेळी काय जेवाचं ते बी सांगा."

गुंजन हे सगळं ऐकत होती. ती बाकावर बसली होती, टॉवेल डोक्यावर.

"मॅडम," ती म्हणाली, "आमाले काहून नाही सांगतलं हे?"

प्रेमिलाला तो मागचा, आदल्या संध्याकाळी पोटभर जेवायचा तक्ता आठवला असणार. तो कधी दाखवलाच नाही, हेही आठवलं असणार. आयुष्यात पहिल्यांदा एका संघानं तिचं ऐकलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं एका संघाला नीट जेवू घातलं होतं, आणि ते दोन संघ वेगळे होते. मला तिचा राग आला, स्वतःचा आला, त्या चार पुऱ्यांचा आला आणि काजू खाणाऱ्यांचाही आला. पण रागानं गुंजनला काय मिळणार होतं?

"चुकलं माझं," प्रेमिला म्हणाली. गुंजननं टॉवेल खाली ओढून घेतला.

पैज ती पैज. रविवारी गोपाळरावांच्या घरी पंगत झाली. आमच्या मुलींनाही बोलावणं होतं. गुंजन येत नव्हती. प्रेमिला तिच्या घरी गेली, बापाशी काय बोलली कोणास ठाऊक, पण घेऊन आली. पहिल्या पाटावर प्रेमिला बसली, शेजारी गुंजन. मी त्यांच्या समोर. धोंडबानं भात वाढला, गोळे वाढले, वर तेल ओतलं. प्रेमिलानं हात आडवा केला नाही. पुरणपोळी आली, ती घेतली. गोपाळराव तुपाचा तांब्या घेऊन तिच्यापुढे वाकले आणि तिच्या तोंडाकडे बघत धार सोडली. त्यांना वाटलं होतं, बाई निदान डोळे तरी मिटेल. तिनं मिटले नाहीत.

मग ते गुंजनकडे वळले. गुंजननं सवयीनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. बोटं बारीक झाली होती तिची, पोरीची.

प्रेमिलानं तिचा एक हात उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा.

"वाढा," ती गोपाळरावांना म्हणाली.